सजवलेली खाट

त्या सकाळी कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ही काही बातमी नव्हे. ज्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा असते त्या दिवशी लोक दचकून एकमेकांना विचारतात, काय हो, संप आहे का आज? नेहमीप्रमाणे ट्रॉल्या आतून दारापर्यंत, दारातून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून थेट लिफ्टपर्यंत एकीमागे एक लागल्या होत्या. लिफ्टसमोरच्या ट्रॉलीवरच्या माणसाचा नुसता पाय मुरगळला होता. पण लिफ्टचं दार उघडलं की ते दर वेळी त्याच्या ट्रॉलीला ठोकायचं, त्यामुळे आता त्याची मानही धरली होती. मानेसाठी त्याला पुन्हा नव्याने रांगेत लावायचं की त्याच नंबरावर चालवून घ्यायचं, यावर दोन शिकाऊ डॉक्टर गंभीरपणे खल करत होते.

या सगळ्यावर तोफेचा पहारा होता. तोफ म्हणजे कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टर. हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते कोणी कबूल करत नसे, पण आवाज ऐकला की नाव का पडलं ते विचारावं लागत नसे.

"खाटमास्तर," तोफ कडाडल्या, "वर खाट आहे का?"

"बघतो," खाटमास्तर म्हणाले.

खाटमास्तर हे काही हुद्द्याचं नाव नव्हे. हुद्दा लांबलचक होता आणि तो दारावरच्या पाटीतही मावला नव्हता. काम मात्र सोपं होतं: वरच्या वॉर्डांतून हिंडायचं, रिकाम्या खाटा हुडकायच्या आणि खालच्या पेशंटांना तिथे चढवायचं. पूर्वी ते वॉर्डात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होते. गुडघे गेल्यावर त्यांनी बसून करायचं काम द्यावं असा अर्ज केला. तेव्हाच्या साहेबांनी अर्जाचा सहानुभूतीने विचार केला आणि त्यांना दिवसभर मजले चढायचं काम दिलं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, कॅज्युअल्टी तुंबते ती माणसं फार येतात म्हणून. माणसं येणारच. मोरी तुंबली की नळाला शिव्या देऊन भागत नाही, जाळीत काय अडकलंय ते बघावं लागतं. खालचे पेशंट वर जात नाहीत, कारण वरचे घरी जात नाहीत. एवढी साधी गोष्ट. इस्पितळात ती झाडूवाल्या मावशींपासून सगळ्यांना ठाऊक असते, आणि तरीही सगळे खाली येऊनच ओरडतात.

आणि वरचे घरी गेले तरी खाट रिकामी दिसेलच असं नाही. कारण रिकामी खाट म्हणजे नवा पेशंट, नवा पेशंट म्हणजे नवं काम, आणि जेवायच्या वेळेला टपकलेला नवा पेशंट म्हणजे तर जावईच. त्याची सरबराई करता करता सिस्टरचा डबा गार होतो. म्हणून वॉर्डावॉर्डांत खाट सजवायची कला जोपासलेली होती. पेशंट घरी गेला की चादर काढायची नाही, उलट थोडी चुरगाळायची. कठड्यावर ओला टॉवेल टाकायचा. शेजारच्या टेबलावर अर्धी प्यायलेली पाण्याची बाटली आणि कोणाचा तरी विसरलेला चष्मा ठेवायचा, खाली चपला सरकवायच्या. विचारलं की सांगायचं, पेशंट एक्स-रेला गेलाय.

खाटमास्तरांची नजर मात्र घारीची. माणूस खाटेवर बसून चपला सोडतो तेव्हा चपलांची तोंडं बाहेर असतात. सिस्टरने घाईत उभ्याने सरकवलेल्या चपलांची तोंडं आत असतात. ते नुसते दारातून बघत आणि म्हणत, "सिस्टर, तुमचा एक्स-रेला गेलेला पेशंट अनवाणीच गेला वाटतं." मग सिस्टर जीभ चावत आणि खाट सुटत असे. या कामात त्यांना मजा येई. आपण या इमारतीतले एकमेव प्रामाणिक गृहस्थ आहोत असं त्यांना मनापासून वाटे, आणि ते इतरांनाही सांगत.

म्हणूनच गेल्या काही दिवसांत जे चाललं होतं ते कोणाला कळू नये असं त्यांना वाटत होतं. कुंपणच शेत खाऊ लागलं होतं.

झालं होतं असं. खाटमास्तरांची थोरली बहीण, ताई, न्यूमोनिया होऊन बायकांच्या वॉर्डात आली. चांगली आजारी होती, मग चांगली बरी झाली. डॉक्टरांनी सुट्टी लिहिली आणि जाता जाता सांगितलं, "आता यांनी तिसऱ्या मजल्यावर एकटं राहायचं नाही." ताई एकटीच राहत असे. म्हणजे तिने आता भावाकडे यायचं, हे डॉक्टरांना कळलं, ताईला कळलं, कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बहिऱ्या आजींनाही कळलं. फक्त खाटमास्तरांच्या तोंडून ते निघेना. ते म्हणाले, "बघतो, घरी हिला विचारतो." आणि वॉर्डाच्या सिस्टरना म्हणाले, "एक रिपोर्ट यायचाय. तोपर्यंत राहू दे."

बायकांच्या वॉर्डाच्या इन्चार्जना सगळे साखर म्हणत. बोलणं इतकं गोड की सुई टोचून झाली तरी पेशंट थँक्यू म्हणे. साखर सिस्टरनी दोन दिवस वाट पाहिली, रिपोर्ट काही आला नाही. मग त्या खाटमास्तरांना बाजूला घेऊन मधाळ आवाजात म्हणाल्या, "ताईंना घरी जायची घाई नाही, हो ना? आम्हालाही नाही. फक्त एवढंच की तुम्ही आमच्या खाटांकडे फार निरखून बघू नका. आम्ही नाही का, तुमच्या ताईंकडे निरखून बघत नाही."

खाटमास्तर काहीच बोलले नाहीत. साखर सिस्टरनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. एका खाटेपायी अख्खा वॉर्ड त्यांच्या हातातून गेला.

तरी रोजच्या फेरीला ते जातच होते. बायकांच्या वॉर्डात ते कधी आत शिरत नसत. दारात उभं राहायचं, तिथून चेहरे दिसत नाहीत, खाटांच्या टोकाला पाय दिसतात. दोन पाय दिसले की एक पेशंट धरायचा. आधी डावीकडची रांग, मग मधल्या कपाटांना वळसा घालून उजवीकडच्या दारातून उजवीकडची. सगळीकडे पाय दिसत. ताईची खिडकीजवळची खाट तेवढी नेमकी रिकामी असे. "ताई कुठे?" विचारलं की साखर सिस्टर म्हणत, "बाथरूमला." इतक्या वेळा बाथरूमला? ताईचं पोट बिघडलंय की काय, अशी त्यांना खरोखर काळजी वाटू लागली होती.

तर त्या सकाळी तोफेचा आवाज ऐकून खाटमास्तर जिन्याकडे निघाले, तेवढ्यात एक्स-रेच्या दाराशी त्यांना कोणीतरी हाक मारली.

"साहेब, वर फार गर्दी आहे का हो?"

एक म्हातारे गृहस्थ ट्रॉलीशेजारी उभे होते. ट्रॉलीवर त्यांची बायको, नाकाला ऑक्सिजनची नळी, डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी वरखाली होणारी. सलाईनचे स्टँड कधीच संपले होते, म्हणून म्हातारबुवांनी बाटली स्वतःच्या हाताने उंच धरली होती. एक हात भरून आला की दुसऱ्यात घ्यायचे. ते घड्याळं दुरुस्त करायचे, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

"हाताला सवय आहे माझ्या. पण ती बारीक कामाची. हे उंच धरायचं काम काही केलं नव्हतं कधी," ते जरा ओशाळून म्हणाले, जणू बाटली हलतेय यात त्यांचीच चूक होती.

शिकाऊ डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाली, "खाटमास्तर, या आजींना वर भिंतीतल्या ऑक्सिजनवर घ्यायला हवं. हा सिलिंडर किती टिकेल सांगता येत नाही, आणि दुसरा आधीच तिघांत फिरतोय. बायकांच्या वॉर्डात एखादी खाट..."

"बघतो," खाटमास्तर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडातून इतक्या सवयीने येई की तो कधी आला तेही त्यांना कळत नसे.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि समोरून सुपरिंटेंडंट मॅडम उतरताना दिसल्या. मॅडम नव्या होत्या. बुटक्या, हळू बोलणाऱ्या, पायांत आवाज न करणाऱ्या चपला. अशी माणसं इस्पितळात धोकादायक असतात. त्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं, ट्रॉल्यांकडे पाहिलं, लिफ्टच्या दाराने ठोकून घेणाऱ्या माणसाकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "चला खाटमास्तर, आज मीही येते तुमच्याबरोबर. खाटा कशा शोधतात ते बघू तरी."

पुरुषांच्या वॉर्डात खाटमास्तर फॉर्मात होते. चपलांवरून एक खाट पकडली. ओल्या टॉवेलावरून दुसरी, कारण टॉवेल ओला होता पण साबण कोरडा ठणठणीत होता. तिसरीवर साक्षात मामा, म्हणजे वॉर्डबॉय, पांघरूण घेऊन घोरत होते. त्यांना उठवल्यावर ते म्हणाले, "पेशंटची जागा राखत होतो." मॅडमच्या ओठाचा एक कोपरा हलला. खाटमास्तरांची छाती दोन इंच फुगली.

मग मॅडम म्हणाल्या, "आता बायकांचा."

"तिथे सकाळीच बघून आलोय, मॅडम. फुल्ल आहे," खाटमास्तर म्हणाले. खाई त्याला खवखवे. त्यांना स्वतःलाच आपला आवाज जरा पातळ वाटला.

"असेल. तरी बघू."

आणि मॅडम दारात थांबल्या नाहीत. बाईमाणूस, त्या सरळ आत शिरल्या. साखर सिस्टर टेबलावरून उठता उठता त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला, पण चेहऱ्यावरची साखर विरघळली नाही. "या ना मॅडम, या. आधी कळवलं असतं तर..."

"तर काय?"

"तर चहा टाकला असता," साखर सिस्टर म्हणाल्या.

मॅडम डावीकडच्या रांगेतून हळूहळू निघाल्या. मागे साखर सिस्टर, त्यांच्या मागे खाटमास्तर, नजर जमिनीवर ठेवून. सवयीने पायच बघत. एक पेशंट, दुसरी, तिसरी. चौथ्या खाटेवर डोक्यापासून घोट्यापर्यंत पांघरलेली एक बाई आणि पांघरुणाबाहेर दोन पाय.

खाटमास्तर जागच्या जागी थांबले.

उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती. असा पाय जगात एकच होता. शिलाई मशीनचं लोखंडी पायदान त्यावर पडलं तेव्हा ताई सोळा-सतरा वर्षांची असेल. दवाखान्यात न जाता तिने फडकं गुंडाळलं आणि त्याच पायाने मशीन चालवत राहिली, कारण गिऱ्हाइकाचे कपडे द्यायचे होते आणि धाकट्या भावाची शाळेची फी भरायची होती. आई गेल्यावर त्या मशीनवरच दोघं जगली. लहानपणी खाटमास्तर मशीनखाली बसून अभ्यास करत, त्यामुळे त्यांना ताईचा चेहरा जितका पाठ नव्हता तितके पाय पाठ होते.

ताईची खाट खिडकीजवळची. मग हे पाय इथे काय करतायत?

"या कोण?" मॅडमनी विचारलं.

"या परवा आल्यात," साखर सिस्टर म्हणाल्या. "झोपेचं औषध दिलंय."

मॅडम पुढे गेल्या. खिडकीजवळची खाट आली. ती रिकामी. "आणि या?" "बाथरूमला," साखर सिस्टर म्हणाल्या. कपाटांना वळसा पडला. खाटमास्तरांच्या कानावर कपाटांच्या पलीकडून अनवाणी पावलांची लगबग आली, मग खाटेची स्प्रिंग कुरकुरली, मग अगदी शांत. उजवीकडची रांग सुरू झाली. तिसऱ्या खाटेवर पुन्हा डोक्यापासून घोट्यापर्यंत पांघरलेली एक बाई. पुन्हा तीच करंगळी. या खेपेला पांघरूण जोरजोरात वरखाली होत होतं, कारण नुकत्याच न्यूमोनियातून उठलेल्या बाईने धावू नये.

आता खाटमास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस ते रोज दारातून पाय मोजत होते आणि रोज आपल्या सख्ख्या बहिणीला दोन पेशंट धरत होते. वर तिची स्वतःची खाट वेगळीच. म्हणजे एका ताईने तीन खाटा अडवल्या होत्या. घारीची नजर म्हणे.

"याही परवा आल्या का?" मॅडमनी विचारलं.

"या काल," साखर सिस्टर म्हणाल्या.

खाटमास्तर गप्प राहिले असते तर झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. मॅडम वॉर्ड फुल्ल म्हणून परत फिरल्या असत्या, साखर सिस्टरनी उपकार मानले असते, ताई खिडकीजवळ राहिली असती. त्यांनी तोंड मिटूनच धरलं होतं. पण त्यांना खाली बाटली उंच धरून उभे असलेले ते म्हातारबुवा दिसायला लागले, वर त्यांनाच साहेब म्हणणारे. लाज वाटली. साधी, सरळ लाज.

"मॅडम," ते म्हणाले, "ही माझी ताई आहे."

"बाळ्या, गप्प बस," पांघरुणातून आवाज आला.

वॉर्डात कोणीतरी फिस्सकन हसलं. सत्तावन्न वर्षांच्या खाटमास्तरांना या इमारतीत आजवर कोणी बाळ्या म्हटलेलं नव्हतं. ताईने पांघरूण दूर केलं आणि उठून बसली. चेहरा लाल, केस विस्कटलेले, पण मान ताठ.

"हिला सुट्टी कधीच झालीय," खाटमास्तर म्हणाले. "मीच थांबवली. आणि चौथ्या खाटेवर मघाशी हीच होती. ती खाट रिकामी आहे, ही रिकामी आहे, आणि खिडकीजवळची पण."

साखर सिस्टर छताकडे बघू लागल्या. मॅडमनी ताईला विचारलं, "तुम्ही का झोपत होतात असं खाटा बदलून?"

"सिस्टर म्हणाल्या, थोडी मदत होईल. आता फुकट किती दिवस राहायचं?" ताई म्हणाली. "गाऊनची सगळी बटणं लावून झाली, उशांचे अभ्रे शिवून झाले. मग म्हटलं, झोपायचं तर झोपायचं, त्यात काय. रिकामं बसायची सवय नाही मला."

"मग घरी का नाही गेलात?"

ताईने भावाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "याच्या घरी अजून तसं पटलेलं नाही. हा बोलतोय बायकोशी. तिचंही बरोबर आहे म्हणा, घर लहान."

खाटमास्तरांना वाटलं, दे माय धरणी ठाय. मॅडम त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "मग लावा फोन. मीच बोलते तुमच्या मिसेसशी."

"नको मॅडम, ती आता कामात..."

"लावा."

फोन लागला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला. त्यांचा हेतू चांगला होता.

"अहो, काय झालं?" बायकोचा आवाज आला. "ताई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे," खाटमास्तर म्हणाले.

"मग रिपोर्ट आला का?"

साखर सिस्टरनी छताकडची नजर खाली आणली.

"कुठला रिपोर्ट?" ताईने विचारलं.

"अगंबाई, ताई, तुम्हीच आहात होय? अहो तोच, ज्याच्यासाठी तुम्हाला अडकवून ठेवलंय. मी रोज विचारते आणि हे रोज म्हणतात, उद्या येईल. तुमच्यासाठी गादी काढून ठेवलीय मी. रोज सकाळी उन्हात टाकते आणि संध्याकाळी घडी करून आत घेते. शेजारीण विचारायला लागली, काय हो, गादी विकायचीय का म्हणून."

मॅडमनी हळूच फोन बंद केला आणि खाटमास्तरांच्या हातात दिला. साखर सिस्टरना खरं तर तोंड उघडायची उत्तम संधी होती, पण त्या शेजारच्या खाटेची चादर नीट करू लागल्या. ताई भावाकडे बघत राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिचं चिडणं खाटमास्तरांना लहानपणापासून ठाऊक होतं, त्यावर काय करायचं तेही ठाऊक होतं. हे गप्प बघणं नवीन होतं.

मग ती उतरली, चपला शोधल्या आणि म्हणाली, "चला, ज्यांना खाट हवीय त्यांना आणा. चादर मी बदलते."

साखर सिस्टरच्या हातांनाही एकाएकी वेग आला. थोड्या वेळात लिफ्ट उघडली, दाराने खालच्या त्या ट्रॉलीला पुन्हा एकदा ठोकलं आणि घड्याळवाल्या म्हाताऱ्यांची बायको वर आली. शेजारून ते, बाटली उंच. आजींना खाटेवर घेतलं, भिंतीतला ऑक्सिजन लावला. छातीचा भाता हळूहळू मंदावला. मामांनी कुठून तरी सलाईनचा स्टँडही पैदा केला. तरी म्हातारबुवांचा हात खाली येईना. बाटली सोडायची कशी हेच तो विसरला होता. ताईने त्यांची बोटं एकेक करून उघडली, बाटली काढून घेतली आणि स्टँडला अडकवली. "बसा आता," ती म्हणाली. ते बसले आणि बायकोचा पाय पांघरुणावरून चेपू लागले. उरलेल्या दोन खाटांवर व्हरांड्यातल्या आणखी दोन बायका आल्या. खालून तोफेचा आवाज आला, पण त्यात पहिल्यांदाच शिवी नव्हती.

खाटमास्तर ताईची पिशवी घेऊन खाली आले तेव्हा ती दाराजवळच्या बाकावर बसली होती. समोर रांग, बाजूला ट्रॉल्या. मघाशी मोकळी झालेली जागा एव्हाना भरली होती. ते तिच्यासमोर उभे राहिले. बाकावर जागा नव्हती.

"मला माझ्या खोलीवर सोड," ताई म्हणाली.

"तिसरा मजला आहे. डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टरांना कुठे चढायचाय तो."

खाटमास्तरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "ताई, मला भीती वाटत होती."

"कशाची?"

"तुझी." एकदा निघालं म्हटल्यावर मग ते थांबेना. "हिने कधीच नाही म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तू घरात आलीस की मी परत मशीनखाली बसलेला पोरगा होणार असं वाटायचं. हात धुतले का, पाय पुसले का, एवढा उशीर कुठे होतास. एवढ्या वर्षांनी मला जरा मोठं झाल्यासारखं वाटायला लागलंय, ताई."

ताईने बाकावर जरा सरकून बघितलं, पण त्याच्यापुरती जागा होईना.

"आणि डॉक्टर आले की मी खोकायचे, ते कशाला वाटतं तुला?" ती म्हणाली. "खोकला कधीच गेला होता. तुझ्या घरी मी पाहुणी. चहा तुमच्या वेळेला, टीव्ही तुमच्या आवडीचा, पाणीसुद्धा विचारून प्यायचं. मी जन्मात कोणाच्या घरी अशी राहिले नाही. वॉर्डात बरं होतं, तिथे सगळेच पाहुणे." मग ती थांबली. "पण तसंही मी आले असते, बाळ्या. तू एकदा तरी म्हणायचं होतंस. विचारतो म्हणालास, बघतो म्हणालास, बोलतो म्हणालास. चल म्हणून काही म्हणाला नाहीस."

खाटमास्तरांनी तोंड उघडलं. सवयीने त्यातून बघतो येणार होतं. ते त्यांनी गिळलं.

"चल," ते म्हणाले.

"काय?"

"घरी चल."

"तोंडातल्या तोंडात बोललेलं मला ऐकू येत नाही," ताई म्हणाली. तिला लख्ख ऐकू आलं होतं.

"ताई, माझ्या घरी चल," खाटमास्तर एवढ्या मोठ्याने म्हणाले की रांगेतली सगळी डोकी वळली. तोफेने आतून कोण ओरडतंय ते डोकावून पाहिलं. लिफ्टजवळचा मान धरलेला माणूस, ज्याला अजून कोणी तपासलेलं नव्हतं, ट्रॉलीवरून उठून बसत कळवळून म्हणाला, "जा हो ताई. तेवढीच एक जागा रिकामी होईल."

"ओरडतोस कशाला? येतेय ना," ताई म्हणाली आणि उठली. तिच्या जागेवर लगेच दोघं बसले.

ती पुढे निघाली, खाटमास्तर पिशवी घेऊन मागे. दाराबाहेरच्या पायऱ्यांपाशी ती थांबली आणि मागे न बघता तिने हात पुढे केला, रस्ता ओलांडताना पोराचा धरायला करतात तसा. खाटमास्तरांनी आधी आजूबाजूला कोणी ओळखीचं बघतंय का ते पाहिलं. बरेच जण बघत होते. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, तिचा हात धरला, आणि दोघं सावकाश पायऱ्या उतरू लागले.